उधाणाची सूज

नरपड, १७ नोव्हेंबर २०२४

नणंदबाई शितल,

पत्र बघून हसू नकोस. घरात फोन एकच. तो तुझा दादा बोटीवर नेतो, आणि बोट लागली की आई स्पीकर लावून मधोमध बसतात. मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. भिकी सुकट विकायला तुमच्या तलासरीच्या बाजाराला येतेच, म्हणून तिच्या टोपलीत हे घातलंय. वास आला तर नाक दाबून वाच.

काल सकाळी मी मरता मरता वाचले. खोटं नाही सांगत. ओहोटी एवढी लांब गेली होती की होड्या पार तिकडे चिखलात थांबल्या. बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन मी ओल्या वाळूतून रस्त्याकडे निघाले, कारण रिक्षा सुटली तर डहाणूचा बाजार गेला. अर्ध्या वाटेत तळहात खाजायला लागले. मग अंगभर गांधी, मग ओठ सुजले, डोळे मिटले, गळा आवळल्यासारखा झाला आणि मी पाटीसकट आडवी. अगं, बोंबील एकीकडे आणि मी एकीकडे! कावळ्यांची मात्र चंगळ झाली.

हे तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी डहाणूच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि काय खाल्लं म्हणून विचारलं. मी काय खाणार? सकाळी उपाशीपोटीच जाते मी. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सोडून दिलं.

पण सुजेपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. आई रस्त्यावर उभ्या होत्या. सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "पाटी उचलायची नाही म्हणून सोंग करते. खोटारडी आहे." संध्याकाळी म्हणाल्या, सोंग नसेल तर बाधा असेल. आणि होळीपर्यंत बरी झाली नाहीस तर बाजारातली जागा निलमला देईन. तुझ्या या धाकट्या बहिणीला मासा धड धरता येत नाही, तिलाच रडू आलं! नऊ वर्षं मी त्या जागेवर बसतेय, शितल. गिऱ्हाईक मला नावानं हाक मारतं. ती जागा गेली तर मी घरात बसून काय करू, भिंती मोजू?

तू नर्स आहेस. काहीतरी सांग.

तुझी वहिनी,
सुषमा

•

तलासरी, २० नोव्हेंबर

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं आणि उडालेच! सोंग नाही, बाधा नाही, ही अ‍ॅलर्जी आहे, अ‍ॅलर्जी! दवाखान्यात आम्ही असे पेशंट बघतो. आपल्या अंगात राखणदार असतात, जंतू आला की हाकलायला. कधी कधी ते बावळटपणा करतात आणि घरच्याच माणसाला चोर समजून बडवायला सुरुवात करतात. त्या मारामारीत अंग सुजतं, गांधी उठतात, श्वास कोंडतो. तुझ्या बाबतीत तो चोर कोण हे मी इथं बसून सांगते: मासे! कोळंबी, जवळा, खेकडा ही तर पहिल्या नंबरची कारणं. रात्री खाल्लं असणार आणि सकाळी निघालं. आजपासून मासे बंद. वासही घेऊ नकोस म्हटलं असतं, पण तुझ्या घरात ते शक्य नाही.

आईचं मनावर घेऊ नकोस. तिची जीभ तशीच आहे. मी लहान असताना ताप आला तरी ती शाळा बुडवायचं सोंग म्हणायची.

एक महिना पाळ. बघ कशी ठणठणीत होतेस!

तुझी हुशार नणंद,
शितल

•

नरपड, ३ डिसेंबर

हुशार नणंदेस,

तुझ्या हुशारीला नारळ फोड आधी. बारा दिवस मी मासा तोंडात घातला नाही. कोळ्याची सून, आणि वरण-भात खातेय! तुझ्या दादानं भरलेलं पापलेट समोर बसून खाल्लं, काटासुद्धा चोखला. शेजारणी विचारायला लागल्या की कसलं व्रत धरलंय. आणि एवढं करून काय झालं?

परवा अमावास्या होती. पुन्हा तेच. या वेळी तर सगळ्यांत वाईट. आदल्या रात्रीपासून गुडघा ठणकत होता म्हणून दुखण्याची गोळी घेतली होती, तरी पाटी घेऊन निघाले. निम्म्या वाळूत पोटात कळ आली, उलटी झाली, मग डोळ्यांसमोर काळोख. तुझ्या दादानं उचलून रिक्षात टाकलं. डहाणूला दोन सुया आणि सलाईन. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. हे आईंना सांगू नकोस, त्यांना मी "चक्कर आली" एवढंच सांगितलंय.

आणि काय खाल्लं होतं? काही नाही! पोट रिकामं!

आई आता जिंकल्यासारख्या फिरतायत. त्यांनी कॅलेंडरवर चारही वेळांना शेंदराचे ठिपके दिलेत. दोन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दोन अमावास्येला. अष्टमीच्या आसपास एकदासुद्धा नाही. "बघ, तिथीला धरून येतं. औषधानं जाणारं नाही हे," म्हणाल्या आणि माझ्या दंडाला धागा बांधला. मी तो बांधू दिला. कारण ठिपके खरेच आहेत, शितल. मी रात्री तेच बघत पडले होते. तुला म्हणून सांगते, आता मलाही बाधाच वाटायला लागलीय.

सुषमा

•

तलासरी, ५ डिसेंबर

वहिनी,

कान पकडते. दोन्ही. तपासल्याशिवाय "मासे" म्हणून मोकळी झाले, नर्स असून. आमच्या मॅडमना सांगितलं तर त्यांनी माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नकोस. "अंदाजावर माणसाचं खाणं तोडायचं नाही," म्हणाल्या.

तर ऐक. मॅडम म्हणजे डॉ. हेतल, अ‍ॅलर्जीच्याच डॉक्टर, महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात. १४ तारखेला शनिवारी तुला नंबर लावलाय. हातावर एकेका वस्तूचा थेंब ठेवतात आणि त्यातून बारीक टोचतात. ज्याचं वावडं असेल तिथं पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांध उठते. दुखत नाही.

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेव. एक, खाज बंद करायची गोळी आठ दिवस आधीपासून घ्यायची नाही. दोन, आजपासून एक वही कर. उठल्यापासून तोंडात काय गेलं, हातांनी काय केलं, सगळं लिही. पाणी प्यालीस तरी लिही. कंटाळा करशील तर तुझ्याकडे जेवायलाच येऊन बसेन!

शितल

•

नरपड, १६ डिसेंबर

शितल,

परवा दवाखान्यात तुझा चेहरा बघितला मी. हातावर वीस थेंब, आणि एकही गांध नाही. ज्या थेंबानं सगळ्यांनाच गांध उठते म्हणून तो मुद्दाम लावतात, तोही सपाट. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "बेन, गोळी घेतली होती?" मी नाही म्हटलं.

घेतली होती. रोज. आता सांगते. पंधराला पौर्णिमा, ती जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. एक गोळी घेतली की वाटायचं, आज तरी वाचेन. तुझा नंबर वाया घालवला, मॅडमचा वेळ घालवला. आईंनी खोटारडी म्हटलं तेव्हा राग आला होता, आणि परवा मी खरंच खोटं बोलले. लाज वाटते.

पौर्णिमेला आईंनी मला जाऊच दिलं नाही, पाटी निलमच्या डोक्यावर. घरी बसले आणि काही झालं नाही. झालं! आई म्हणाल्या, धाग्याचा गुण.

वहीची पानं फाडून पाठवतेय, रागावली असलीस तरी वाच. त्यात काही सापडणार नाही. बघ, आठ तारखेचं पान:

पहाटे ५ – चहा, पाव दोन. पोट रिकामं. ६ – बंदरावर. होड्या अगदी काठाला लागल्या होत्या, दहा पावलांत पाटी रिक्षात. ९ – बाजार, छान विक्री. १ – भात, डाळ, वांग्याची भाजी.

रोज हेच. काय डोंबल कळणार यातून?

सुषमा

•

तलासरी, १९ डिसेंबर

वहिनी वहिनी वहिनी!

ही चिठ्ठी घेऊन भिकीला मी बाजार अर्धा टाकून परत पाठवतेय, तिची सगळी सुकट मीच घेतली! आमच्या घरात आता होळीपर्यंत सुकटच.

गोळीबद्दल मग भांडू. आधी एक सांग: "चहा, पाव दोन" आणि पुढच्याच शब्दाला "पोट रिकामं"? अगं माझे बाई, पाव काय हवा आहे का? दर वेळी डॉक्टरांना तू "उपाशी होते" म्हणून सांगितलंस! पण तुला तरी काय बोलू, आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. भात-मासा म्हणजे जेवण, आणि चहा-पाव म्हणजे नुसतं तोंड हलवणं. मीसुद्धा माहेरी असते तर हेच सांगितलं असतं.

मी पानं घेऊन बसले. पाव तर तू रोज खातेस, मग रोज का होत नाही? डोकं फुटायची वेळ आली. आणि मग आईचे ठिपके आठवले. वहिनी, आई बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर आहे! पौर्णिमा-अमावास्येला काय असतं? उधाण! पहाटे ओहोटी लांब जाते, होड्या पार तिकडे थांबतात आणि तू डोक्यावर पाटी घेऊन ती सगळी वाळू जवळजवळ पळत तुडवतेस. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही बेताची, पहाटे पाणी काठाशी, दहा पावलांत रिक्षा! पाव पोटात आणि अंगमेहनत, दोन्ही एका वेळी पडलं की तुझे राखणदार पिसाळतात. नुसत्या पावानं नाही, नुसत्या पाटीनंही नाही.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. मग गुजरातीत एवढ्या जोरात ओरडल्या की वॉर्डबॉय धावत आला. असा आजार आहे म्हणाल्या, अगदी असाच. गव्हातल्या एका प्रथिनाचं वावडं असतं, पण खाऊन वर श्रम केले तरच उसळतं. आणि दुखण्याची गोळी म्हणजे त्या आगीत तेल, म्हणून अमावास्येला तू मरणाच्या दारात होतीस. (आईपासून हे लपलं असेल असं समजू नकोस, भिकी म्हणाली, दादानं काय केलं ते सगळ्या बंदराला ठाऊक आहे.) पण मॅडमनी बजावलंय की अंदाज तो अंदाज. तपासणी झाली की मग नाव ठेवायचं.

११ जानेवारी. आणि गोळी घेतलीस तर याद राख! भीती वाटली तर पाटी उचलू नकोस, पण गोळी नको. आणि तोवर पाव, पोळी, बिस्किट काही म्हणजे काही नाही.

तुझी, नाचणारी,
शितल

•

नरपड, १३ जानेवारी २०२५

शितल,

तू बाहेर पेशंटमध्ये अडकलीस, आत काय झालं ते मी सांगते. आई हट्टानं आल्या होत्या. माझ्या हाताकडे डोळे लावून बसल्या होत्या. कोळंबीचा थेंब सपाट. पापलेट सपाट. खेकडा सपाट. बोंबील तर मॅडमनी आपल्याच घरचा आणायला सांगितला होता, तोही सपाट! आणि गव्हाच्या थेंबाखाली ही एवढी गांध, चार आण्याच्या नाण्याएवढी. मी ओरडलेच, "आली गं बाय!" मॅडम हसायला लागल्या. म्हणाल्या, गांध बघून एवढं खूश झालेलं माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितलं. रक्तही मुंबईला गेलंय, त्याचा निकाल यायचाय, पण त्यांची खात्री झालीय.

घरी आले आणि आधी पापलेट तळलं. सात आठवड्यांनी! तुझ्या दादाला एक तुकडा दिला, तोही शेपटीकडचा.

आता नियम सांगते, बरोबर आहेत का बघ. गहू बंदच. एखाद्या वेळी चुकून पोटात गेला तर सहा तास जड काम नाही. सकाळी तांदळाची भाकरी खाऊन जायचं. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही. आणि मुंबईहून मागवलेलं ते पेनासारखं इंजेक्शन कायम कमरेच्या पिशवीत. सूज आली, श्वास अडला की आडवं व्हायचं, पाय वर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला लुगड्यावरूनच टोचायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. बरं वाटलं तरी गाठायचाच.

मॅडमनी सरावाला सुई नसलेलं खोटं पेन दिलंय. ते आईंनी काढून घेतलं. "पावानं कोण मरतं?" असं म्हणतात, विश्वास काडीचा नाही, पण दुपारी पडवीत बसून स्वतःच्या मांडीवर टकटक करत असतात. काल निलमच्या मांडीवर केलं, ती किंचाळली. मी विचारलं, आई, विश्वास नाही तर शिकता कशाला? म्हणाल्या, "तुला काय करायचंय?"

जागेचा विषय मात्र तसाच आहे. होळी म्हणजे होळी, म्हणतात.

सुषमा

•

नरपड, १६ फेब्रुवारी २०२५

चि. शितल हिस आईचा आशीर्वाद.

हे मी सांगतेय आणि सुषमा लिहितेय. फोनवर मला असलं बोलता येत नाही, स्पीकरवर तर नाहीच. तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे चिठ्ठ्या पाठवत होता ते मला पहिल्यापासून माहीत होतं. भिकी माझ्याच वयाची आहे, तिच्या पोटात काय राहतंय?

बुधवारी माघी पौर्णिमेला तुझ्या दादानं, उमेशनं, दुरुस्त केलेल्या होडीची पूजा घातली. दुपारी भरतीला होडी पाण्यात लोटायची होती. प्रसादाला शिरा. मी माझ्या हातानं सुषमाला द्रोण भरून दिला. तीही गुमान खाऊन बसली. रवा म्हणजे गहू, हे तिला मॅडमनी सांगितलं होतं. पण प्रसाद म्हणजे खाणं नाही, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं, उगाच तिच्या एकटीवर कशाला ढकलू?

मग सगळ्यांनी होडीला खांदा लावला. सुषमा सगळ्यांच्या पुढे. होडी पाण्यात गेली, लोक ओरडले, आणि मी बघते तर ही गळ्याला हात लावून वाळूत बसलीय. ओठ हे एवढे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. बायका म्हणाल्या, आली पौर्णिमा, आली बाधा, लिंबू आणा. मी म्हटलं, बाजूला व्हा! तिला आडवी केली, पाय निलमच्या मांडीवर दिले, पिशवीतून पेन काढलं. खोट्यावर पन्नास वेळा केलं होतं, खरं पहिल्यांदाच हातात घेतलं. तरी टोचलं. दहा आकडे मोजले, मोठ्यानं.

शितल, माझ्या डोळ्यांसमोर तिचा श्वास मोकळा झाला गं! दोन-तीन मिनिटांत. उमेश रिक्षा घेऊन आला तेव्हा ही म्हणते, "आई, होडी नीट गेली ना?" दवाखान्यात रात्रभर ठेवलं, सकाळी सोडलं. मॅडमना उमेशनं फोन केला. त्यांनी मला द्यायला सांगितला. म्हणाल्या, बा (त्यांच्या गुजरातीत आईला बा म्हणतात), तुम्ही वाचवलं. रक्ताचा निकालही आलाय, तोही गव्हाचाच.

जागेचं सांगते. होळीपर्यंत थांबायची गरज नाही. जागा सुषमाची. माझ्यानंतरही तिचीच, हे उमेशला आणि निलमला समोर बसवून सांगितलंय. निलमनं देवाला नारळ फोडला.

दंडाचा धागा मी तसाच ठेवायला सांगितलाय. तो असू दे, पेनही असू दे.

तब्येतीला जप. जावयांना विचारलंय म्हणून सांग.

आई, बायजी

शितल, खालचं मी लिहितेय, सुषमा. आईंनी पत्र वाचून दाखवायला लावलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, एक वाक्य कुठं आहे? मी गाळलं होतं. म्हटलं, आई, राहू द्या, घरातल्या घरात कशाला. त्यांनी कागद माझ्यापुढे परत सरकवला. "चारचौघांत बोलले होते मी. शुक्रवारी बंदरावर चारचौघांतच परत घेतलं, तेव्हा तू घरी झोपून होतीस, तू ऐकलं नाहीस. आता तुझ्याच हातानं लिही, म्हणजे तुला ऐकू येईल." माझं अक्षर वाकडं आलंय, त्या बघतायत म्हणून लिहितेय:

माझी सून खोटं बोलत नव्हती.